अर्ध्यावर थांबवलेलं इंजिन

धक्क्यावर तिला तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठ वळली की साखळी. बोटींमधली बसलेली, झिजलेली इंजिनं वर काढायची आणि नवी आत सोडायची, हे तिचं काम. दोन म्हशींच्या वजनाचा लोखंडी गोळा अरुंद भोकातून सरळ वर उचलायचा, तोही पाण्यावर डुलणाऱ्या बोटीतून, आणि कुणाच्या नखालाही धक्का लागू द्यायचा नाही. माझं दोरखंडाचं आणि रंगाचं दुकान बरोबर धक्क्यासमोर. गल्ल्यावर बसल्या बसल्या मी तिचं काम अनेक वर्षं पाहत आलो. ती या कामात का शिरली हेही मला पहिल्यापासून माहीत होतं. पोटासाठी नाही. पोटासाठी तिच्याकडे शिलाई मशीन होतं आणि हातात चांगली कला होती. ती शिरली एका माणसावर सूड उगवण्यासाठी, आणि तिने ते कधी लपवलंही नाही.

तो माणूस म्हणजे गोडबोल्या. धक्क्यावरची सगळ्यात मोठी बोट त्याची. तोंडावर लोक त्याला काका म्हणत. त्याचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. एखाद्या खलाशाला कामावरून काढतानासुद्धा तो त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि तो बिचारा घरी पोचेपर्यंत आपल्याला काढलंय हे त्याच्या लक्षात यायचं नाही.

तेव्हा इंजिनं उचलायचं काम ताईचा मोठा भाऊ करायचा. दादा. अंगाने मजबूत, बोलायला कमी, कामाला चोख. गोडबोल्याच्या बोटीचं इंजिन काढायचं होतं. माझं दुकान अजून उघडलं नव्हतं, पुढचं मला नंतर दादाकडून कळलं. धक्क्याच्या कडेला लोखंडी चौकट उभी आहे, तिचा आडवा खांब पाण्यावर आलेला आहे, त्या खांबाला साखळीची पुली लावायची आणि बोट खाली आणून बांधायची, अशी पद्धत. दादाने डिझेलची नळी बंद केली, तारा सोडवल्या, मागचा पंख्याकडे जाणारा दांडा सुटा केला, इंजिनाला पट्टे घातले. पायांचे बोल्ट काढले, पण एक गंजून जाम झालेला. तो काढायला दादा खाली वाकून बसला होता, एक हात इंजिनाच्या पायाशी, दुसऱ्या हातात पाना. खलाशी हातगाडी आणायला गेले होते. वर गोडबोल्या एकटा. त्याला भरतीचं पाणी असेपर्यंत काम उरकायचं होतं. त्याने साखळी ओढायला सुरुवात केली.

दादा खालून ओरडला, थांबा काका, एक बोल्ट राहिलाय. गोडबोल्या म्हणाला, अरे बाळा, जरा सैल झालं की तुलाच सोपं जाईल. आणि ओढतच राहिला. इंजिन जागचं हललं नाही, उलट त्याच्याबरोबर अख्खी बोटच वर यायला लागली. मग बोल्ट तुटला. इतका वेळ दाबून धरलेलं सगळं एकदम सुटलं, इंजिन उसळलं, झुललं आणि दादाचा उजवा हात त्याच्या आणि लाकडी भिंतीच्या मध्ये सापडला.

चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला. धक्क्यावरच्या लोकांची जीभ किती वाईट, महिनाभरात एक विनोदही तयार झाला. म्हणे, काकांची बोट वाचली, पोराची बोटं गेली.

दादा दवाखान्यात बेशुद्ध असताना गोडबोल्याने धक्क्यावर हकिगत सांगितली. त्याने कुणावर आरोप केला नाही. फक्त मान हलवत म्हणाला, "गुणी पोरगा हो. पण सकाळी सकाळी तोंडाला वास येत होता. मी म्हटलं, राहू दे आज. ऐकेल तर ना. स्वतःच मला ओढा म्हणाला आणि स्वतःच हात घातला." एवढंच. डोळे पुसले. दवाखान्यात फळं घेऊन गेला. दादा शुद्धीवर येईपर्यंत ही गोष्ट वाळून घट्ट झाली होती. दादाने दारूच्या थेंबाला कधी हात लावला नव्हता. त्याने एक-दोनदा खरं काय ते सांगून पाहिलं. समोरचा माणूस मान डोलवायचा, पण डोळ्यांत दिसायचं की हा मनातल्या मनात वास घेतोय. मग दादाने सांगणं सोडलं.

त्याच्या आईनेही अर्धा विश्वास ठेवला होता, हे सगळ्यात वाईट. दादा बाहेरून आला की दार उघडताना ती जरा जास्त पुढे व्हायची आणि नाकाने हळूच श्वास घ्यायची. दादाला ते कळायचं. ताईलाही कळायचं. ताईने मला एकदा सांगितलं, "त्याचा हात गेला तेव्हा मी रडले. पण आई दारात वास घेते ना, ते पाहिलं त्या दिवशी मी ठरवलं."

काय ठरवलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, "इंजिन कुणाचंही असो, एक दिवस बसतंच. त्याचं बसेल तेव्हा त्याला माझ्याच दारात यावं लागेल. एवढी सोय मी करणार."

ती सोय तिने केली. शिलाई मशीन पलंगाखाली ढकललं आणि दादाला म्हणाली, शिकव. दादा आधी चिडला. मग घराच्या तुळईला कडी ठोकून दिली, डाव्या हाताने. ताईने आधी पाण्याचं पिंप उचललं, मग कपड्यांचं लोखंडी कपाट, मग एकदा आई बसलेली असताना तिचा पलंग. आई वरून म्हणाली, "या घरात आता भांड्यांपेक्षा पुल्या जास्त झाल्या. मला उतरव, भाजी करपतेय." दादा खुर्चीत बसून बघायचा आणि चुका काढायचा. वजनाचा मध्य कुठे आहे ते आधी शोध. गिअरची बाजू जड असते, तिकडे पट्टा आखूड घे. पहिल्यांदा बोटभर उचल आणि थांब, बघ काय अडकलंय. लटकत्या वजनाखाली कुणी नाही, देव आला तरी नाही. आणि वजन लटकत असेल तर साखळीपासून हलायचं नाही.

पहिली काही वर्षं धक्क्यावर लोक हसले. मग तिच्या हातून एकही इंजिन आपटलं नाही, एकही फळी चिरली नाही, कुणाला खरचटलं नाही, तेव्हा हसणं थांबलं. पुली लावणारे दुसरे दोघे होते, त्यातला एक म्हातारा होऊन घरी बसला, दुसऱ्याने कंटाळून रिक्षा घेतली. उरली ताई.

आणि रोज संध्याकाळी बोटी परत यायच्या वेळी ती माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसायची. गोडबोल्याची बोट लांबून दिसली की मला गप्प बसवायची आणि कान देऊन ऐकायची. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात तसं. "आज खोकतंय," म्हणायची. किंवा, "धूर बघा कसा काळा पडलाय. पांढरा निघायला लागला की समजा आटोपलं." ज्या दिवशी ते इंजिन जास्त कुरकुरायचं त्या दिवशी ती उड्या मारत घरी जायची. दुसऱ्याच्या इंजिनाच्या आजारपणावर इतकं प्रेम करणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

शेवटी ते बसलं. मासेमारीचा मोसम उघडायच्या तोंडावर, ऐन वेळी. दुसऱ्या बोटीने त्याची बोट ओढून आणली. गोडबोल्याने आधी बाहेरून क्रेन मागवायचा प्रयत्न केला, पण आमची गल्ली इतकी चिंचोळी की क्रेनवाला कोपऱ्यावरूनच हात हलवून परत गेला. तेव्हा गोडबोल्या चालत ताईकडे आला. मी दारात उभा राहून बघत होतो.

"पोरी, तू मला लेकीसारखी," तो म्हणाला. "झालं गेलं मनात ठेवू नकोस. तुझ्यासारखे हात या धक्क्यावर नाहीत."

मला वाटलं ही आता त्याला हाकलून देणार. ती म्हणाली, "करते की, मालक." ती त्याला कधी काका म्हणाली नाही. "माझ्या दोन अटी आहेत. काम सुरू झालं की बोटीवर एकही माणूस नको, तुम्हीसुद्धा नको. आणि साखळीला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

"अगं, तू सांगशील तसं."

तो गेल्यावर मी ताईला म्हटलं, "काय चाललंय तुझ्या मनात? इंजिन टाकणार आहेस का त्याच्या बोटीत?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच वरमलो. "टाकायचं असतं तर शिकायची काय गरज होती?" ती म्हणाली. "टाकता कुणालाही येतं."

कामाच्या दिवशी भरती पूर्ण चढेपर्यंत ती शांत बसून राहिली. गोडबोल्या अधूनमधून सुरू कर, सुरू कर म्हणत होता. ती पाण्याकडे बघत होती. पाणी चढून थांबलं, मग जरासं उतरायला लागलं, तेव्हा ती उठली. मला तेव्हा कळलं नाही, नंतर तिने समजावलं. पाणी चढत असेल तर बोट वर येते आणि लटकत्या इंजिनावर आदळते. उतरत असेल तर बोट आपोआप इंजिनापासून खाली खाली सरकते. काम अर्ध्यावर थांबवायचं असेल तर ओहोटीच हवी.

ती बोटीत उतरली. प्रत्येक बोल्ट स्वतः मोजला, काढून डब्यात टाकला, मग पायाखाली पहार सरकवून चारी पाय खरंच सुटे आहेत का ते पाहिलं. तारा, नळ्या, मागचा दांडा, सगळं दोनदा. पट्टे घातले, कडेला फाटलेत का ते हात फिरवून पाहिलं. इंजिनाच्या दोन टोकांना लांब दोर बांधले, म्हणजे झुललं तर हाताने नाही, दोराने लांबून सावरता येईल. मग बोटीवर कुणी राहिलं नाही ना ते पाहिलं, स्वतः वर आली आणि बोटीचे बांधलेले दोर थोडे सैल सोडले, कारण वजन निघालं की बोट उचलते.

साखळी खडखडायला लागली. बोटभर उचललं, थांबली. पाहिलं. पुन्हा ओढली. इंजिन तसूतसूने वर येत होतं, जरासंही न तिरपं होता, आणि खालची बोट ओझं उतरलेल्या माणसासारखी सैलावत होती. धक्क्यावर बघ्यांची गर्दी जमली होती. खलाशी, जाळी विणणारे, बर्फवाले.

इंजिन निम्मं बाहेर आलं, निम्मं भोकात. तिथे ताईने साखळी थांबवली, कडीत अडकवून पक्की केली आणि तिच्याजवळच एका उलट्या पिंपावर बसली.

गोडबोल्या म्हणाला, "काय झालं? अडकलं का कुठे?"

"नाही. सगळं व्यवस्थित आहे. ते इथे आठवडाभर राहिलं तरी पडणार नाही."

"मग?"

"मग तुम्ही सगळ्यांना सांगा, त्या दिवशी साखळी कुणी ओढली."

गोडबोल्याने आजूबाजूला पाहिलं. मग तो हसला, तेच गोड हसू, आणि हात पसरून म्हणाला, "एवढंच ना? हो बाबांनो, मीच ओढली. माझीच चूक. घाई झाली. माणूस आहे, चुकतो. माफ कर पोरी. झालं?"

दोघंतिघं हसलेसुद्धा. कुणीतरी म्हणालं, काका मोठ्या मनाचे. ज्या वाक्यासाठी ती इतकी वर्षं जगली, ते त्याने सुटे पैसे फेकावेत तसं फेकलं होतं. ताईचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, संपलं. ती हरली.

"नाही झालं," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "मला सांगून काय उपयोग? ज्याला सांगायचं तो घरी आहे. गल्लीच्या टोकाला, निळं दार. जा आणि त्याला सांगा. सगळं सांगा, वासाचंसुद्धा."

"आता? अगं, हे लटकतंय…"

"लटकू द्या. पाणी उतरतंय, मालक. धक्क्याच्या पायथ्याशी दगड आहेत, तुम्हाला माहीत आहे. बोट त्यांच्यावर बसायच्या आत बाजूला न्यायची तर इंजिन पूर्ण बाहेर यायला हवं. ते मी काढणार. तुम्ही जाऊन आल्यावर."

त्याने खलाशांकडे पाहिलं, कुणी साखळी धरतंय का म्हणून. एकही पुढे आला नाही. दुसऱ्याने लटकवलेल्या वजनाला हात लावायचा नाही, हे धक्क्यावर लहान पोरालाही ठाऊक असतं. तेवढ्यात त्याच्याच बोटीवरचा सर्वांत जुना खलाशी म्हणाला, "जाऊन या काका. आम्हालाही वासाचं ऐकायचंय."

गोडबोल्या निघाला. ताई जागची उठली नाही. ती त्याच्यामागे जाणार असं मला वाटलं होतं. तिने साखळीवर हात ठेवला आणि मला म्हणाली, "मला हलता येत नाही. तुम्ही जा त्यांच्याबरोबर. शब्दन् शब्द ऐकून या. त्यांचं तोंड कसं होतं तेही बघा."

म्हणून ते बघायला मी गेलो, ती नाही.

खोली छोटी. खिडकीपाशी दादा खुर्चीत बसून डाव्या हाताने भाजी निवडत होता. तुळईला त्या शिकवणीच्या कड्या अजून तशाच होत्या. आतून भांड्यांचा आवाज येत होता. गोडबोल्या दारातून वाकून आत आला, आणि बसायला कुणी सांगितलं नाही म्हणून उभाच राहिला.

"बाळा," तो म्हणाला, "त्या दिवशी साखळी मी ओढली रे."

दादा भाजी निवडत राहिला. "मला माहीत आहे, काका. मी खालीच होतो."

"माफ कर मला."

"ते सोडा. दुसरं सांगा. मी प्यायलो होतो का?"

गोडबोल्याने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. "नव्हतास," तो पुटपुटला.

"मला नका सांगू. मला माहीत आहे," दादा म्हणाला. "आई आत आहे. तिला ऐकू जाईल असं सांगा."

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. ताईची आई पाण्याचा पेला घेऊन दारात आली होती, घरी कुणी आलंय म्हणून. गोडबोल्याला तिच्याकडे बघून बोलावं लागलं, आणि तिथे मी पहिल्यांदा त्याचा गोडवा आटलेला पाहिला. बाळा, पोरी, माझ्या राजा, काही सुचेना त्याला. "तो प्यायला नव्हता," तो म्हणाला. "वास येत नव्हता. मी खोटं सांगितलं. लोक मला बोलतील म्हणून."

आईने पेल्यातलं पाणी मोरीत ओतलं आणि पेला पालथा घातला. ती दादाच्या खुर्चीपाशी गेली, त्याच्या मांडीवरची भाजीची पाटी उचलली आणि खाली बसून स्वतः निवडायला लागली. दादा म्हणाला, "आई, कोवळी देठं टाकू नकोस." तिने मान हलवली.

गोडबोल्या निघाला तेव्हा दादाने उजवा हात पुढे केला. निरोप घेताना करतात तसा. गोडबोल्याला तो धरावा लागला. अंगठा आणि तळव्याची गाठ, एवढाच हात. दादाने पकड सोडली नाही. रागाने पाहिलंही नाही, फक्त धरून ठेवला. गोडबोल्याच्या कपाळावर घाम आला, तो मान वळवायला लागला, तरी दादाने सोडला नाही. मग एकदम सोडला आणि मला म्हणाला, "ताई साखळीपाशी आहे ना? सोडून तर आली नाही?"

"तिथेच बसलीय," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला.

धक्क्यावर परत आलो तेव्हा बोट चांगली हातभर खाली गेली होती, इंजिन आपसूक भोकाबाहेर निघालं होतं. ताईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने काही न विचारता साखळी पुन्हा हातात घेतली, इंजिन आणखी थोडं वर नेलं, खलाशांनी लांबून दोर ओढून बोट बाजूला काढली. दगडांना लागायला फार वेळ राहिला नव्हता. मग चौकटीवरून इंजिन धक्क्याकडे सरकवलं आणि जाड फळ्यांवर इतक्या हलक्या हाताने टेकवलं की फळी करकरली नाही. पट्टे काढून तिने घडी घातली. नंतर ती माझ्या दुकानात आली, माझ्यासमोर स्टुलावर बसली आणि म्हणाली, "आता सांगा. पहिल्यापासून."

मी सांगितलं. पेला पालथा घातला तिथे तिने मला थांबवलं आणि तेवढंच पुन्हा सांगायला लावलं. हात धरला तिथे पुन्हा. "तोंड कसं झालं होतं?" मी सांगितलं. "घाम कुठे? कपाळावर की मानेवर?" कपाळावर. ती ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते आनंदाचं नव्हतं. ज्या एका गोष्टीसाठी ती इतकी वर्षं थांबली, ती तिला पाहता आली नव्हती, आणि तो राग तिने मनातून कधी जाऊ दिला नाही. पुढे कित्येक दिवस ती संध्याकाळी यायची आणि म्हणायची, ते हाताचं सांगा ना परत. मी सांगायचो.

गोडबोल्याला नवं इंजिन तिनेच बसवून दिलं, तितक्याच काळजीने. पण त्याच्या बोटीवर आता माणसं टिकेनात. त्याचा जुना खलाशी सगळ्यात आधी गेला. म्हणाला, हा वर असताना मी खाली कसा उतरू? मग एकेक करत बाकीचे पांगले. मोसम संपायच्या आत त्याने बोट विकली. दादा आता अधूनमधून धक्क्यावर येतो, ताईच्या मागे उभा राहून तिच्या पट्ट्यांच्या गाठींना नावं ठेवतो, आणि लोक त्याला कामातलं विचारतात. घरी आई आता दार उघडून लगेच आत वळते. थांबत नाही.

मागच्या महिन्यात गोडबोल्या माझ्याकडे दोर घ्यायला आला होता. परसात कपडे वाळत घालायला, म्हणाला. थकलाय. निघताना दारात थांबून त्याने अगदी हळू विचारलं, "ती पोर अजून रागावलीय का हो माझ्यावर?"

मी संध्याकाळी ताईला निरोप दिला. ती पुलीला वंगण लावत होती. तिने हात पुसले, थोडा विचार केला आणि म्हणाली, "त्यांना सांगा, हो."